चुकून मिळालेला मामा

आमच्या सायकल ग्रुपमध्ये नमस्काराचे नियम आहेत. ते नितेश सरांनी केले. सर मूळचे अकोल्याचेच, पण मध्ये काही वर्षं पुण्यात नोकरीला होते आणि परत येताना एक हलकी सायकल आणि हे नियम घेऊन आले. समोरून आपल्या ग्रुपचा माणूस आला तर हँडल न सोडता उजव्या हाताची दोन बोटं उचलायची. दुसऱ्या ग्रुपचा आला तर नुसती मान हलवायची. त्याची सायकल आपल्यापेक्षा महाग असेल तर आधी त्याने हलवायची वाट पाहायची. आणि ओळीत एकामागे एक चाललो असताना काहीही झालं तरी ब्रेक मारायचा नाही.

दूधवाले, भाजीवाले, डबा लटकवून कामावर जाणारे, यांच्याबद्दल नियमांत काही नव्हतं. मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "ते सायकलिस्ट नाहीत, अन्सार. ते फक्त सायकलवर असतात."

मी मान डोलावली आणि मनात स्वतःला तपासून पाहिलं. जुन्या शहरात आमचं गाद्यांचं दुकान आहे. सोमवार ते शनिवार मी कॅरिअरवर उशा बांधून गिऱ्हाइकांकडे पोचवतो, म्हणजे मी फक्त सायकलवर असतो. रविवारी त्याच सायकलवर हेल्मेट घालून बसलो की सायकलिस्ट होतो. शनिवारी संध्याकाळी मला मी स्वतः भेटलो असतो तर मान हलवली नसती.

ग्रुपमध्ये मला आणलं शुभमनं. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. त्याचे मामा किसनराव बाळापूरच्या अलीकडे एका खेड्यात राहतात. झेंडू, शेवंती करतात आणि रोज सकाळी सायकलवर फुलं बांधून अकोल्याच्या बाजारात आणतात. बांधतात तीही इतकी, की लांबून बघणाऱ्याला फुलांचा एक ढीग आपल्या मर्जीनं चाललाय असं वाटतं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा दुपट्यात असला तरी पडतो, भाचा दहावीत नापास झाला तरी पडतो. भाच्याला इकडे भासा म्हणतात, आणि भाश्याचा मान देवाच्या खालोखाल. फरक एवढाच की देव दुसऱ्यांदा वरण मागत नाही. शुभमच्या पायांवर किसनमामा बारशापासून डोकं ठेवत आलेले. शुभमला त्याची इतकी सवय की चपलेच्या दुकानातही तो पाय पुढे करून डोळे मिटतो.

तर ग्रुप पहिल्यांदा बाळापूरकडच्या आतल्या रस्त्यानं जायचा होता त्याच्या आदल्या दिवशी शुभमच्या आईनं, सुभद्राकाकूंनी, भावाला फोन केला. "दादा, तुहा भासा उद्या तुह्या रस्त्यानं येऊन राह्यला. पिवळा शर्ट हाये. काया चष्मा हाये."

माहिती अगदी खरी होती. फक्त आम्ही सगळेच पिवळ्या शर्टात आणि काळ्या चष्म्यात होतो.

मामांनी लांबून पिवळं काहीतरी येताना पाहिलं आणि थांबले. त्यांचं थांबणं म्हणजे सोपं काम नाही. एवढ्या ओझ्याची सायकल स्टँडवर उभी राहत नाही. तिला एक काठी टेकवावी लागते, मग ती काठी बसली का ते दोनदा हलवून बघावं लागतं. ते सगळं करून, चपला काढून, मामा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहिले.

ओळीत पुढे नितेश सर, मागे शुभम, सगळ्यात शेवटी मी. शुभमला मामा दिसले. नंतर त्यानं मला सांगितलं, की ब्रेक मारला तर नियम मोडतो, नाही मारला तर मामा, आणि या विचारात बोटांनी जे त्यांना पाठ होतं तेच केलं. दोन बोटं वर. आणि शुभम गेला.

नेमकी त्याच वेळी माझी चेन उतरली. मी थांबलो तो मामांच्या बरोबर पुढ्यात. मामांच्या दृष्टीनं शंकाच उरली नाही. जो थांबला तो भासा. ते वाकले. वडीलधारा माणूस वाकतोय म्हटल्यावर मीही घाईनं वाकलो, आणि माझं हेल्मेट त्यांच्या कपाळाला लागलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला.

"पाय मांगं नको घेऊ, शुभम," मामा कपाळ चोळत म्हणाले आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावून तो हात त्यांनी डोक्याला लावला.

मी हेल्मेट काढलं. "मामा, मी अन्सार. शुभमचा दोस्त."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, जणू सांगायचं काम पायांचं होतं. "मंग शुभम कोनता?"

"तो काय, दोन बोटं दाखवून गेला तो."

मामांचा चेहरा एकदम मऊ झाला. "हात्तिच्या. मंग घाईत असन पोट्टं. वावरात जागा हाये म्हना, कुठीबी बसजो."

शाळेत मास्तरांना दोन बोटं दाखवून आपण वर्गाबाहेर का जातो, ते सगळ्यांना माहीत आहे. मामांची समजूत तशी झाली होती आणि मी ती दुरुस्त केली नाही. इतकी कामाची समजूत रोज होत नाही.

"मामा, तुमच्याकडून ते चुकून झालं," मी म्हणालो. "पाय लागायचं. सोडून द्या."

"चुकून काय? मान काई भाड्याची मंडपाची खुर्ची नाई वापस न्याले. लागलो तं लागलो. आता तू बी भासा." आणि त्यांनी माझ्या शर्टाच्या मागच्या खिशात बोरं भरली. सायकलच्या शर्टाला पाठीवर तीन खिसे कशाला असतात ते मला त्या दिवशी कळलं.

घरी अम्मीनं, म्हणजे सुरैय्याबेगमनं, बोरं पाहून चौकशी केली. मी सांगितलं.

"बुजुर्ग आदमी तेरे पाँव को हात लगाया, और तू खड़ा रहा?"

"खड़ा नहीं रहा अम्मी, झुका ना मैं. झुका तो हेल्मेट लगा उनको."

"मतलब मारा भी?"

तिकडे संध्याकाळी मामांनी बहिणीला फोन केला. "शुभमचं पोट कसं हाये आता?"

आपल्या पोराची तब्येत विचारल्यावर कोणती आई कमी सांगेल? सुभद्राकाकू म्हणाल्या, "मस्त हाये ना. सकायपासून काईच तरास नाई. आताच भाकरी खाऊन वरतून खिचडी मांगून राह्यला."

मग मामा म्हणाले, "म्हंजे त्याले काई झालं नोतं," आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी शुभम दुकानात आला आणि नव्या गादीवर पालथा पडला. त्याची बहीण रागिणी हिचं लग्न तोंडावर आलेलं. मुलगा अमरावतीचा, लग्नही अमरावतीलाच. आणि इकडे नवरीला हाताला धरून मांडवात मामा आणतो. ते काम काका करत नाही, बाप करत नाही. किसनमामांनी निरोप दिला होता, की लग्नाले येइन, पंगतीत वाढीन, पन हात धराले दुसरा मामा पाहा. मी फुलाची सायकल उभी करून चपला काढल्या आन् माह्या भाश्यानं मले बोटं दाखवली.

"रागिणी काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, दुसरा मामा कुठून आनू, गांधी रोडवर भेटते काय? सकायपासून रडून राह्यली. मामाच्या हातानं नाई तं मी मांडवातच येत नाई म्हणते."

"मंग जा ना बे, माफी माग."

"कशी मागू?" तो उठून बसला. "मी आईले म्हटलं, जातो, मामाचे पाय धरतो. तं आईनं लाटणंच उचललं. भासा मामाच्या पाया पडला तं मामाले पाप लागते. आपल्याले नाई, मामाले. म्हणे, आधी अपमान केला, आता नरकात पाठवतो काय माह्या भावाले."

मी विचार केला. शुभमच्या घरात माफी एकाच दिशेनं जाऊ शकत होती, मामाकडून भाच्याकडे. गुन्हा भाच्यानं केला असला तरी.

"मंग काय करायचं?"

"आई म्हणते, तू काईच करू नको. गुपचूप उभा राहा आन् त्याले पाय पडू दे. तो पाय पडला की तुले माफी झाली."

"मंग घरी जाऊन उभा राहा."

"मामा म्हणते, घरी येऊ नको. रस्त्यात झालं ते रस्त्यातच मिटन."

पुढच्या रविवारी शुभम ओळीतून बाहेर पडून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बूटमोजे काढून, दोन्ही पाय जरा पुढे करून. येणारे जाणारे त्याच्याकडे बघत होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं काटा रुतला का विचारलं. मामा आले, त्यांनी घंटी वाजवली, जशी रस्त्यात गाय आली की वाजवतात, आणि पुढे निघून गेले. मग माझं लाल हेल्मेट दिसताच थांबले. काठी लावली, दोनदा हलवून पाहिली, चपला काढल्या, वाकले. या वेळी मी हेल्मेट आधीच काढून ठेवलं होतं.

"मामा, तो तिकडे अनवाणी उभा हाये," मी म्हणालो.

"हाये का? मले नाई दिसला कोनी." आणि मला एक शेवंतीचा हार दिला, दुकानातल्या फोटोला घाल म्हणून. आमच्या दुकानात फोटो फक्त गादीच्या कंपनीच्या मॉडेलचा आहे. तिला घातला.

त्याच्या पुढच्या रविवारी शुभमचा धीर सुटला. मामा माझ्यासाठी उतरले तसा तो मागून धावत आला आणि "मामा, चुकलं माहं" म्हणत वाकायला लागला. मामांनी ते पाहिलं आणि पळाले. साठी ओलांडलेला माणूस, पण पाप लागायची वेळ आली की पायांत बळ येतं. ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात घुसले, मागून शुभम, त्याच्या बुटांना खाली पत्र्यासारखे चाप, ते ढेकळांत अडकतात, तरी तो हात पुढे करून धावतोय. एक माणूस दुसऱ्याचे पाय धरायला पळतोय आणि दुसरा पाय वाचवायला पळतोय, असा तो प्रकार. मी झेंडूची सायकल धरून उभा. नितेश सर पुढून वळून आले, घड्याळ बघितलं, आणि ग्रुपचा सरासरी वेग बैलबंडीच्या खाली गेला असं म्हणाले.

मामा बांधावरून ओरडले, "भासा हायेस म्हनून वाचला. दुसरा असता तं ढेकूय मारलं असतं."

लग्नाआधी आता एकच रविवार उरला होता. युक्ती मीच काढली. हेल्मेट आणि काळा चष्मा असला की मामा चेहऱ्यानं कोणाला ओळखत होते? लाल हेल्मेट आणि कॅनव्हासचे बूट, एवढीच माझी ओळख. शुभमची आणि माझी उंची सारखी. त्यानं माझं हेल्मेट, माझे बूट, माझी सायकल घ्यायची. मामा थांबतील, पाया पडतील. पडले की पडले. मी त्याचं पांढरं हेल्मेट घालून, त्याच्या सायकलवर, मामांची घंटी खात पुढे निघून जायचं.

शुभमनं मला मिठी मारली. मला मात्र रात्रभर त्या युक्तीचा राग येत होता. अम्मीला भाऊ नाही. मला मामा नव्हताच, आणि तो नसतो म्हणजे काय नसतं तेही मला माहीत नव्हतं. आता सलग काही रविवार कोणीतरी आपल्यासाठी एवढी मोठी सायकल काठीला टेकवतं, हे बघितल्यावर ते कळलं होतं. मामा-भाच्याचं मिटलं की मी परत शुभमचा दोस्त. ते वाईट नाही. पण दोस्तासाठी कोणी चपला काढत नाही.

रविवारी ठरल्याप्रमाणे झालं. शुभम पुढे गेला, मी बऱ्याच मागून. मामांनी लाल हेल्मेट पाहिलं, थांबले. काठी, चपला, सगळं. शुभमला मी बजावलं होतं, तोंड उघडू नको. तो खांबासारखा उभा. मामा वाकले, दोन्ही पायांना हात लावला, हात डोक्याला लावला.

आता मी सरळ पुढे निघून जायचं होतं. पण मला बघायचं होतं. मी हळू झालो, अजून हळू झालो, आणि पाय खाली टेकायला गेलो. शुभमचे ते बूट पेडलमध्ये चापानं अडकतात आणि टाच बाहेर फिरवल्याशिवाय सुटत नाहीत, हे मला माहीत होतं. माझ्या पायाला माहीत नव्हतं. मी सायकलसकट आडवा झालो, अगदी सावकाश, झाड तोडल्यावर पडतं तसा.

मामांनी पांढरं हेल्मेट पडताना पाहिलं आणि धावले. चपला तिथंच. मधे त्यांचा धक्का काठीला लागला, सायकल पडली, झेंडू रस्ताभर सांडला, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "शुभम, बाप्पा, लागलं काय रे? कुठी लागलं?" म्हणत त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चष्मा काढला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"तू काहून हायेस याच्यात?" मामा म्हणाले.

माझा एक पाय अजून पेडलमध्येच होता.

मामांनी सावकाश मान वळवली. लाल हेल्मेटवाल्यानं हेल्मेट काढलं होतं. शुभम झेंडूच्या मधोमध उभा, डोळ्यांत पाणी, पायांत माझे बूट.

मामा रस्त्याच्या कडेला बसले. तोवर ग्रुप येऊन थांबला होता. नितेश सर म्हणाले, "ओळीत थांबायचं नसतं, मी किती वेळा सांगितलं."

मामांनी वर पाहिलं. "तुमाले मामा हाये का?"

"आहे. नागपूरला."

"मंग तुमी नागपूरले थांबा."

मामा हिशेब लावत होते, बोटांवर नाही, पायांवर. आधी माझ्या पायांकडे बोट केलं, मग शुभमच्या. "म्हंजे मी पाय लागलो ते कोनाचे?"

"शुभमचे," मी म्हणालो.

"आन् धावलो कोनासाठी?"

"तेबी शुभमसाठीच. फक्त पडलो मी."

"मले वाटलं त्याचं डोकं फुटलं," मामा स्वतःशीच म्हणाले. मग शुभमकडे न बघता, "हा धंदा कोनाचा?"

शुभम म्हणाला, "मामा, माह्यामुळे..."

"माहा," मी म्हणालो. "युक्ती माही होती. त्याले काई म्हनू नका."

मामांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "तू भासा हायेस."

"हो. म्हंजे, चुकून."

"भासा म्हंजे भासा. भाश्यानं मामाले फसवलं तं मामाले ते कबूल करा लागते. असाच रिवाज हाये, माह्या मामानं बी केला. तुव्हं फसवणं मले कबूल. म्हंजे मी शुभमचे पाय लागलो ते लागलो."

शुभमनं नाक पुसलं. "मंग मिटलं, मामा?"

"थांब ना बे. हा भासा असन तरच मिटलं. हा भासा नसन तं ही चारसोबीसी हाये, आन् मंग मी काई मांडवात येत नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. भासा राहतो का नाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका बहिणीचं लग्न माझ्या उत्तरावर अडलं होतं. मी विचार करतोय असं दाखवलं, कारण लगेच हो म्हणणं बरं दिसलं नसतं.

"राहतो," मी म्हणालो.

"मंग पाय सोडव ते पहिले." आणि माझा बूट पेडलमधून सुटल्यावर मामा उठले आणि माझ्याही पाया पडले. माझ्या पायात शुभमचे बूट होते, तेव्हा आपण नक्की कोणाचा मान घेतोय हे मला क्षणभर कळेना. पण मामांची आता चूक होण्याची भीती नव्हती. दोन्हीकडे भासाच होता.

मग सगळ्या ग्रुपनं रस्त्यावरचा झेंडू गोळा केला. नितेश सरांनीही केला, हातमोजे घालून.

लग्नाला आम्ही सगळे अमरावतीला गेलो. अम्मीही आली. तिला ते मामा बघायचे होते, आणि कपाळाला फार तर लागलं नाही ना हेही विचारायचं होतं. तिनं विचारलं. मामांनी टोपी सरकवून कपाळ दाखवलं आणि म्हणाले, "भाश्याची माय म्हंजे बहीण. बहिणीनं एवढं काई पाहू नये." नंतर पंगतीत अम्मीनं त्यांच्या पानात स्वतःच्या हातानं दोन पुऱ्या वाढल्या, आणि ते नको म्हणाले तेव्हा तिसरी वाढली.

पण ते नंतर. आधी मुहूर्त. नवरदेव अंतरपाटाच्या पलीकडे उभा, भटजींनी घसा साफ केलेला, अक्षता सगळ्यांच्या मुठीत घामेजलेल्या. किसनमामा रागिणीचा हात धरून मांडवात शिरले. पांढरं धोतर, नवी टोपी, चेहऱ्यावर असा भाव की ही पोरगी आपण बाळापूरपासून चालवत आणली. मांडवाच्या तोंडाशीच शुभम उभा होता, पाहुण्यांना अक्षता वाटत. मामांना भासा समोर दिसला. त्यांनी रागिणीला थांबवलं, हात सोडला, चपला आधीच काढलेल्या होत्या, आणि वाकले. कोणी हसलं नाही. शुभमनं डोळे मिटून पाय पुढे केले.

मामा उठले, रागिणीचा हात धरला, चार पावलं चालले. तिथं खुर्च्या लावत मी उभा होतो.

"मामा, नंतर," मी हळूच म्हणालो. "मुहूर्त चालला."

"मुहूर्त काय, तो उद्याबी हाये," मामा म्हणाले आणि पुन्हा हात सोडला.

वराकडची माणसं उठून बघायला लागली. नवरदेवाच्या आत्यानं कोणालातरी विचारलं, की हा पोरगा कोण, कोणी महाराज आहे का. भटजींनी अंतरपाटाच्या वरून डोकं काढलं आणि म्हणाले की आता दोन मिनिटं राहिली.

रागिणी मुंडावळ्यांतून सगळं बघत उभी होती. तिनं शालू सावरला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "आता अजून कोनी भासा हाये का? असन तं आताच पुढे या, मले लग्न लावाचं हाये."

मामा उठले, गुडघे झटकले, तिचा हात पुन्हा घट्ट धरला.

"नाई माय," ते म्हणाले. "सध्या तं दोनच हायेत."